पाण्याची राखण शिवारातच : खतांचा निचरा आणि जमिनीचा विवेकी वापर

पाणी अडविण्याचे महत्त्व महाराष्ट्राला आता नव्याने पटवून द्यावे लागत नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर राज्यात पाझर तलाव, नालाबांध व बांधबंदिस्ती यांची कामे गावोगाव झाली. पुढे पाणलोट क्षेत्र विकासाची कल्पनाही खेड्यापाड्यांत रुजली. अडविलेले पाणी किती आहे, याची नोंद आपण ठेवू लागलो. ते कोणत्या प्रतीचे आहे, हा प्रश्न मात्र पुष्कळदा मागे राहिला.

या प्रश्नाची दोन लक्षणे आज अनेक ठिकाणी आढळतात. पहिले डोळ्यांना दिसते. उन्हाळ्यात तलावाचे पाणी हिरवट होते, त्यावर साय धरल्यासारखे शेवाळ तरंगते, जलपर्णी काठ व्यापून टाकते आणि पाण्याला कुबट वास येतो. दुसरे लक्षण डोळ्यांना दिसत नाही. विहिरीचे पाणी स्वच्छ, गोड व थंड असते; पण परीक्षणात त्यातील नायट्रेटचे प्रमाण मर्यादेबाहेर गेलेले आढळते. ही दोन्ही लक्षणे एकाच दोषाची आहेत. पिकाच्या मुळाशी राहावयास हवी होती ती पोषक द्रव्ये जमीन सोडून पाण्यात गेली आहेत. यावर पाण्यात उतरून करण्याचे उपाय खर्चाचे आणि तात्पुरते असतात. टिकाऊ उपाय जमिनीवर, म्हणजे कोणत्या जमिनीचा कोणता वापर करावा या निर्णयात आहे. या लेखात त्याचाच विचार केला आहे.

पोषण अति झाले म्हणजे

नत्र आणि स्फुरद ही वनस्पतीची प्रमुख अन्नद्रव्ये होत. जमिनीवर ती पीक वाढवितात, पाण्यात शेवाळ वाढवितात. तलावात त्यांची आवक वाढत जाण्याच्या क्रियेला शास्त्रीय परिभाषेत ‘सुपोषण’ म्हणतात. नाव चांगले असले तरी परिणाम वाईट असतो. शेवाळ दाट वाढते, मरून तळाशी बसते आणि कुजताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू खर्च करते. मग मासे मरतात, पाणी शुद्ध करण्याचा खर्च वाढतो, आणि निळ्या-हिरव्या शेवाळाच्या काही जातींनी पाण्यात सोडलेली विषे जनावरांनाही बाधतात.

या दोन द्रव्यांपैकी गोड्या पाण्याच्या तलावांत बहुधा स्फुरद निर्णायक ठरते. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात डेव्हिड शिंडलर या शास्त्रज्ञाने १९७३ साली केलेला प्रयोग या बाबतीत प्रसिद्ध आहे. एका छोट्या सरोवराच्या मधोमध पडदा घालून त्याचे दोन भाग करण्यात आले. एका भागात कर्ब व नत्र घालण्यात आले. दुसऱ्यात त्यांच्या जोडीला स्फुरदही घालण्यात आले. त्याच वर्षी स्फुरद घातलेला भाग शेवाळाने हिरवा झाला. दुसऱ्या भागात तसे घडले नाही. कर्ब शेवाळाला हवेतून मिळतो, आणि काही जाती हवेतील नत्रही बांधून घेतात. स्फुरद हवेतून मिळत नाही. तो जमिनीवरून किंवा सांडपाण्यातूनच यावा लागतो. १ किलो स्फुरदाच्या आधारावर वाळलेल्या वजनाचे १०० किलोहून अधिक शेवाळ तयार होऊ शकते. थोड्या स्फुरदाने मोठा तलाव का बिघडतो, हे यावरून समजेल.

दोन द्रव्यांच्या दोन वाटा

जमिनीच्या वापराचे नियोजन करताना एक भेद मनात पक्का ठेवला पाहिजे. नत्र आणि स्फुरद एका वाटेने जात नाहीत.

युरियातील नत्राचे जमिनीत काही दिवसांत नायट्रेटमध्ये रूपांतर होते. मातीच्या बारीक कणांवर ऋण विद्युत्भार असतो, आणि नायट्रेटवरही ऋणच असतो. त्यामुळे माती त्याला धरून ठेवू शकत नाही. पिकाने ते वेळेवर उचलले नाही, तर पाण्याबरोबर ते खाली झिरपते. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसाल्ट खडकाचा आहे. मातीखालचा मुरूम आणि खडकातील भेगा यांतूनच आपल्या विहिरींना पाणी मिळते, आणि याच वाटेने नायट्रेटही विहिरीत पोहोचते. म्हणून हलक्या, उथळ व मुरमाड जमिनीवर नत्राचा मोठा हप्ता एकदम देणे सर्वांत धोक्याचे असते.

स्फुरदाचे वागणे याच्या उलट आहे. तो मातीच्या कणांना, त्यांतील चुन्याला व लोहाला घट्ट चिकटतो. तो झिरपतो थोडा. माती वाहिली की तिच्याबरोबर वाहतो. मृगाच्या सरीनंतर ओढ्याला येणारे गढूळ लाल-काळे पाणी म्हणजे तलावाकडे निघालेला स्फुरदच होय, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

या भेदातून दोन सूत्रे निघतात. विहीर राखावयाची तर नत्राची मात्रा व वेळ सांभाळावी. तलाव राखावयाचा तर माती जागेवर ठेवावी. एकच उपाय दोन्ही कामे करील, असे गृहीत धरू नये. बांध घालून पाणी मुरविले की माती थांबते. पण त्याच शेतात नत्र अतिरिक्त असेल, तर मुरणारे पाणी ते खाली नेते. म्हणून मृद्‌संधारण आणि खतांची शिस्त ही कामे जोडीनेच झाली पाहिजेत.

विहिरीचे एक गणित

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालते. त्याहून अधिक नायट्रेटचे पाणी सहा महिन्यांच्या आतील अर्भकांना वरच्या दुधात मिसळून दिले गेल्यास त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते. ओठ व त्वचा निळसर पडतात आणि वेळीच उपचार न मिळाल्यास जीव धोक्यात येतो. अमेरिकेतील आयोवा राज्यात विहिरीच्या पाण्यामुळे उद्भवलेल्या अशा रुग्णांचे वर्णन १९४५ सालीच प्रसिद्ध झाले होते. येथे शिक्षकांनी व आरोग्य कर्मचाऱ्यांनी एक गोष्ट घरोघर सांगणे अगत्याचे आहे. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. तुरटीने किंवा क्लोरीननेही ते जात नाही.

आता एक साधे गणित मांडून पाहू. समजा, एका हेक्टरातून वर्षाला ४० किलो नत्र झिरपले. त्याचे सुमारे १७७ किलो नायट्रेट होते. मुळात नायट्रेट नसलेले सुमारे ३९ लाख लिटर पाणी मर्यादेच्या काठापर्यंत नेण्यास एवढे पुरेसे आहे. माणशी दररोज ५५ लिटर पाणी धरले, तर १,००० वस्तीच्या गावाचा हा सुमारे ७१ दिवसांचा पुरवठा होतो. एका हेक्टराची ही कथा आहे. सार्वजनिक विहिरीच्या वरच्या अंगाला असे दहा हेक्टर असतील तर काय होईल, याचा हिशेब प्रत्येक ग्रामपंचायतीने करून पाहावा.

उजनीचा धडा

मोठ्या जलाशयाचे उदाहरण म्हणून भीमेवरील उजनीकडे पाहता येईल. १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणाच्या यशवंतसागर जलाशयाने सोलापूर जिल्ह्याचे चित्र पालटले. शेतीला पाणी मिळाले, सोलापूर शहराला जलवाहिनीने पिण्याचे पाणी मिळाले, मासेमारी वाढली, आणि भिगवणच्या उथळ पाण्यावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरू लागले.

या जलाशयाची एकूण साठवण सुमारे ११७ अब्ज घनफूट असून तीपैकी सुमारे ६३ अब्ज घनफूट मृतसाठा आहे. फुगवट्याचा भाग पसरट व उथळ आहे. तेथे ऊन व ऊब भरपूर मिळते. वरच्या अंगाने पवना, मुळा, मुठा व इंद्रायणी यांचे पाणी पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसराचे सांडपाणी घेऊन येते, आणि दोन्ही तीरांवर उसाची बागायत आहे. शेवाळाला हवे ते सर्व येथे एकत्र मिळते. उन्हाळ्यात पाणी हिरवे पडण्याची तक्रार म्हणूनच वारंवार ऐकू येते.

या उदाहरणातील आणखी एक बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. वर्षानुवर्षे आलेला स्फुरद तळाच्या गाळात साठून राहतो. तळाचा प्राणवायू संपला की गाळातील लोहाशी बांधलेला हा स्फुरद सुटून पुन्हा पाण्यात येतो. त्यामुळे आवक आज थांबविली, तरी पाणी उद्याच निवळत नाही. जलाशय बिघडावयास जेवढी वर्षे लागतात, तेवढीच सुधारावयासही लागू शकतात. जे तलाव अद्याप चांगले आहेत, त्यांची राखण आधी करणे हे म्हणूनच अधिक शहाणपणाचे ठरते.

कायदा कोठे थांबतो

महाराष्ट्राने या विषयात पुढाकार घेतला होता. १९६९ सालीच राज्याने जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा केला आणि १९७० साली त्याखाली मंडळ स्थापन झाले. केंद्राचा जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम १९७४ साली आला. कारखान्याच्या किंवा नगरपालिकेच्या नळातून घाण सोडली जाते, तेव्हा हा कायदा चालतो. नळ दाखविता येतो, नमुना घेता येतो, जबाबदारी ठरविता येते.

शेताला असा नळ नसतो. हजार शेतांतून थोडे थोडे वाहिलेले खत ओढ्यात एक होते; त्यावर कोणाचे नाव लिहिलेले नसते. येथे नोटीस काढून काम होत नाही. जमिनीचा वापर करणाऱ्यांनीच एकत्र बसून ठरविलेली शिस्त येथे लागते. १९९३ च्या भूजल कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर खोदण्यास बंदी घातली होती. त्या कायद्याची जागा पुढे २००९ च्या अधिनियमाने घेतली. स्रोताभोवती संरक्षित क्षेत्र असावे, ही कल्पना त्यामुळे आपल्याला अपरिचित नाही. विहिरीच्या पाण्याचे प्रमाण राखण्यासाठी जी मर्यादा आपण मानली, तशीच मर्यादा तिच्या गुणवत्तेसाठीही गावाने स्वतःहून मानावी, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.

कोणत्या जमिनीवर काय

सर्व शिवारावर सारखेच निर्बंध घालण्याची आवश्यकता नाही. पाण्यात जाणाऱ्या स्फुरदाचा मोठा वाटा बहुधा शिवाराच्या थोड्या भागातून येतो. उतार, उघडी माती, जास्त खत आणि ओढ्याची जवळीक ही चारही लक्षणे जेथे एकत्र येतात, तो हा भाग होय. असे भाग शोधून तेथे लक्ष केंद्रित केले, तर खर्च कमी येतो आणि विरोधही कमी होतो.

ओढ्याकाठची पट्टी : ओढा, नाला व तलाव यांच्या काठाने काही मीटरची पट्टी नांगराखाली न आणता तेथे मारवेल, पवना यांसारखी चाऱ्याची गवते किंवा खस लावावे. गवत वाहत्या पाण्याचा वेग मोडते आणि माती तेथेच बसते. मात्र दोन पथ्ये पाळली पाहिजेत. गवत वेळोवेळी कापून बाहेर नेले पाहिजे. तसे केले नाही तर साठलेला स्फुरद कुजून पुन्हा ओढ्यात जातो. दुसरे म्हणजे, शेतातील पाणी एखाद्या घळीने पट्टी ओलांडून थेट ओढ्यात पडत असेल, तर पट्टी असून नसल्यासारखी होते. म्हणून घळ आधी बुजवावी.

उताराची कोरडवाहू जमीन : समपातळीवर पेरणी, बांधांची दुरुस्ती आणि ज्वारी-बाजरीच्या जोडीने तूर, मटकी यांचे पट्टे हे उपाय आपल्या शेतकऱ्याला ठाऊक आहेत. सोलापूर येथे १९३३ पासून कोरडवाहू शेतीचे संशोधन चालू असून त्यात माती व ओल जागेवर राखण्याला आरंभापासून महत्त्व आहे. रब्बी ज्वारीच्या पट्ट्यात भारी काळी जमीन पावसाळाभर उघडी राहते, आणि माती वाहण्याचे हेच दिवस असतात. तेथे चौकोनी कप्पे पाडून पाणी जिरविणे, किंवा पाऊस साथ देईल तेथे ताग-धैंचासारखे हिरवळीचे पीक घेणे उपयुक्त ठरते.

उसाची जमीन : आडसाली उसासाठी शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० किलो स्फुरद व १७० किलो पालाश अशी आहे. ४०० किलो नत्र सगळे युरियातून द्यावयाचे झाल्यास ४५ किलोची १९ हून अधिक पोती लागतात. शिफारशीत हे नत्र चार हप्त्यांत विभागले आहे : लागणीच्या वेळी १० टक्के, ६ ते ८ आठवड्यांनी ४० टक्के, १२ ते १६ आठवड्यांनी १० टक्के आणि मोठ्या बांधणीच्या वेळी ४० टक्के. हे वेळापत्रक उत्पन्नासाठी आहे, तसेच ते विहिरीच्या रक्षणासाठीही आहे. मोठ्या पावसाच्या तोंडावर किंवा भिजवणीच्या आदल्या दिवशी खत फेकणे म्हणजे पैसे ओढ्यात टाकणे होय. ठिबकमधून थोडे थोडे खत देणे, पाचट न जाळता सरीत आच्छादणे आणि माती परीक्षणानुसार मात्रा ठरविणे, या गोष्टींनी खताचा खर्चही वाचतो. येथे शेतकऱ्याचे हित व पाण्याचे हित एकच आहे, हे आवर्जून सांगितले पाहिजे. विहिरीच्या अगदी वरच्या अंगाला मात्र उसाऐवजी कमी नत्राचे, विशेषतः कडधान्याचे पीक किंवा फळझाडे असावीत.

गोठा, उकिरडा व सांडपाणी : शेणखत हेही खतच आहे, आणि पावसात उघडा पडलेला उकिरडा विहिरीला युरियाइतकाच बाधक ठरतो. उकिरडा विहिरीच्या खालच्या अंगाला, खड्ड्यात व झाकलेला असावा. नाडेप पद्धतीच्या टाक्या व गोबरगॅस यांचा विचार या दृष्टीनेही व्हावा. शौचालयांचे व सांडपाण्याचे शोषखड्डे स्रोताच्या वरच्या अंगाला नसावेत. घरातील सांडपाणी परसबागेला देता आल्यास त्यातील पोषक द्रव्ये भाजीपाल्याच्या उपयोगी पडतात.

गाळपेर आणि गाळ

जलाशयाचे पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीचा प्रश्न आपल्या राज्यात विशेष महत्त्वाचा आहे. ही जमीन सुपीक व ओलीची असते, तिच्यावर अनेक कुटुंबांची गुजराण होते, आणि टंचाईच्या वर्षी चाऱ्यासाठी तिचा मोठा आधार असतो. पण या जमिनीत घातलेले खत पुढच्या पावसाळ्यात थेट जलाशयाच्या पोटात जाते. मध्ये ना बांध असतो, ना गवताची पट्टी. म्हणून गाळपेर बंद करण्यापेक्षा तिला अट घालणे उचित होईल. मुळातच सुपीक असलेल्या या गाळात रासायनिक खत न घालता चारा, हरभरा यांसारखी पिके घ्यावीत, आणि पाणी चढण्यापूर्वी पीक व धसकटे काढून न्यावीत. असे केल्यास गाळातील काही पोषक द्रव्ये पिकाबरोबर बाहेर येतील आणि जलाशयाचा भार थोडा हलका होईल.

हीच दृष्टी तलावातील गाळाबाबतही ठेवता येते. २०१७ साली राज्याने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना सुरू केली. गाळ शेतात नेणे म्हणजे वाहून गेलेली माती व स्फुरद परत जागेवर नेणे होय. मात्र गाळ टाकलेल्या शेतात माती परीक्षण करून खताची मात्रा त्या मानाने कमी करावी आणि बांध आधी नीट करावे. अन्यथा तोच गाळ त्याच वाटेने परत येईल.

भार कोणी उचलावा

या विषयात न्यायाचाही प्रश्न आहे, आणि तो टाळून चालणार नाही. न्यूयॉर्क शहराचे बरेचसे पाणी कॅट्‌स्किल डोंगरांतील शेती व कुरणांच्या प्रदेशातून येते. गाळण्याचा प्रचंड प्रकल्प उभारण्याऐवजी शहराने १९९७ साली त्या भागातील गावांशी करार केला. जमिनीचा वापर सुधारण्यासाठी, गोठे व ओढ्याकाठच्या पट्ट्या दुरुस्त करण्यासाठी लागणारा पैसा शहर देते. योजना शेतकऱ्याच्या संमतीने, त्याच्या शेताप्रमाणे आखली जाते. ज्यांना स्वच्छ पाणी मिळते त्यांनी ते राखणाऱ्यांचा खर्च सोसावा, हे त्यामागचे तत्त्व आहे.

आपल्याकडे अनेक तालुक्यांच्या गावांना वरच्या खेड्यांच्या शिवारातील तलावाचे पाणी मिळते. तेथे हे तत्त्व लागू करता येईल : नगरपालिकेने गवतपट्टीच्या बियाण्याचा, माती परीक्षणाचा किंवा गोठा दुरुस्तीचा वाटा उचलावा. उजनीच्या वरच्या अंगाची स्थिती मात्र उलट आहे. तेथे शहर वर आहे आणि खेडी खाली. शहरांच्या सांडपाण्यावर पुरी प्रक्रिया झाल्याखेरीज केवळ शेतकऱ्यांना दोष देणे अन्यायाचे होईल, आणि जलाशयही त्याने निवळणार नाही. दोन्ही बाजूंनी आपापला वाटा उचलला, तरच हा प्रश्न सुटेल.

गावाने काय करावे

जमिनीच्या वापराविषयी ग्रामसभा निर्णय घेऊ शकते, हे अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारने दाखवून दिले आहे. या गावाने चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळली, उसासारख्या अधिक पाण्याच्या पिकांना आवर घातला, आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडण्याची प्रथा पाडली. त्याच ताळेबंदात पाण्याच्या गुणवत्तेचा आणि गावात आलेल्या खताचा एक-एक रकाना घालणे कठीण नाही. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत शेती, जमीन सुधारणा, मृद्‌संधारण, पाणलोट विकास, पिण्याचे पाणी व स्वच्छता हे विषय पंचायतींसाठी नमूद केले आहेत. एकाच प्रश्नाचे हे सर्व धागे जेथे एकत्र येतात, अशी दुसरी संस्था नाही.

आरंभ पुढीलप्रमाणे करता येईल. ग्रामपंचायतीने गावनकाशावर पिण्याचे स्रोत, ओढे, उतार, उकिरडे व उसाचे गट खुणा करून दाखवावेत. त्यावरून धोक्याचे दहा-पंधरा गट आपोआप समोर येतील. त्यांच्यासाठीचे उपाय गावच्या विकास आराखड्यात घालावेत. जल जीवन मिशनमध्ये पाणी तपासणीसाठी प्रत्येक गावातील पाच महिलांना प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. त्यांच्या मदतीने शाळेने प्रत्येक सार्वजनिक स्रोताचे नायट्रेट पावसाळ्यापूर्वी व नंतर असे वर्षातून दोनदा तपासून त्याचा तक्ता भिंतीवर लावावा. मर्यादेबाहेर आकडा आल्यास प्रयोगशाळेकडून खात्री करून घ्यावी, आणि तोपर्यंत अर्भकांसाठी दुसऱ्या स्रोताचे पाणी द्यावे. कृषी, पाणीपुरवठा, जलसंपदा व महसूल या खात्यांच्या अधिकाऱ्यांनी वर्षातून एकदा तरी हाच नकाशा एकत्र बसून पाहावा. गाळपेरीच्या अटी, बांधबंदिस्तीचा प्राधान्यक्रम व माती परीक्षणाची गावे त्यावरून ठरवावीत.

फळ लगेच दिसणार नाही. मुरमातील नायट्रेट धुऊन जाण्यास आणि गाळातील स्फुरद निष्प्रभ होण्यास वर्षे लागतात. तक्त्यावरचा आकडा पहिल्या दोन वर्षांत हलला नाही, तरी काम सोडू नये. आज ओढ्याकाठी लावलेली गवताची पट्टी आणि आज वाचविलेले युरियाचे पोते, यांचा हिशेब उद्या विहिरीवर येणाऱ्या पिढीच्या नावे जमा होणार आहे.